महाराजांच्या दाढेचा सांधा

श्री. एक दंत मोडका असोनही ज्याचे पूजन आधी होते, त्या गणरायास नमन करोन लिहितो. शके १९४१, विकारीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी वर्तमान जाहले ते ऐसे. एका दौलतीचे धनी सुभानराव महाराज हुरडा खात असता दाढेखाली खडा आला आणि दाढेतील भरणाचा कोपरा उडाला. ते भरण महाराजांचे बालमित्र विसाजीपंत दंतवैद्य यांनी केले होते. पंत कैलासवासी जाहले आणि त्यांच्या हातचे महाराजांपाशी इतकेच उरले होते. मग दिवाण बोलिले, "सरकार, जुने सारे काढोन नवे भरावे." महाराज म्हणाले, "दिवाणजी, त्या न्यायाने आधी तुम्हांस बदलावे लागेल." मग पंतांची कन्या सगुणाबाई, तीही दंतवैद्य, तीस बोलाविले. तिने पाहिले आणि म्हणाली, "काका, बाकीचे भरण शाबूत आहे. तुटला तेवढा कोपरा जोडते." आणि जोडिला. परंतु दुसरे दिवशी भाकरीच्या कडेसरशी तुकडा निघोन हाती आला.

मग सगुणाबाई पुन्हा आली आणि खाली मान घालोन बोलिली, "चूक माझीच. जुने भरण खरखरीत केल्यावाचून नवे त्यास धरत नाही. पण बाबांनी ते इतके गुळगुळीत घासले होते, की यंत्र लावायला हात धजेना. नुसते पुसून जोडले."

"आणि आता?"

"पुन्हा सुटले, तर सारेच काढावे लागेल."

पंत दाढ कोरताना नाट्यपदे गुणगुणत आणि समोरच्याचे तोंड उघडे असता मुद्दाम प्रश्न विचारीत, ते सारे महाराजांच्या मनात आले. मग बोलिले, "खरवड, पोरी. तुझ्या बापाने मला जन्मभर कमी का खरवडले? मी सुटलो का?"

मग तिने भरणावर बारीक ओरखडे पाडिले आणि धुवोन कोरडे केले, आणि चिकट रस लावोन तो घट्ट व्हावा म्हणोन निळा उजेड दाखविला, आणि वर नवे भरण रचोन पुन्हा उजेड दाखविला. म्हणाली, "अखंड भरणाइतका जोर या जोडात असेलच ऐसे नाही. सुपारी फोडू नका हो, काका." महाराजांनी सुपारी सोडिली. पौष सरला, माघ सरला, जोड हलला नाही. एके दुपारी महाराज एकटेच बसोन जिभेने सांधा शोधो लागले. पंत कोठे संपले आणि सगुणा कोठे लागली, ते कळेना. बरे वाटले, आणि डोळेही भरले.

एवंच जुने राहिले आणि नवे धरिले. लिहिणारास दातांचे ज्ञान बेताचेच. ऐकिले तैसे मांडिले आणि येथे लेखणी ठेविली.