लिंबाजीरावांची गंगा

उत्तर आधीच माहीत असल्याशिवाय लिंबाजीराव कुणाला प्रश्न विचारत नसत. हॉटेलात शिरले की मालकाला विचारायचे, "आज वार कोणता?" त्याने बरोबर वार सांगितला, की मगच चहा मागवायचे. वाण्याकडे गेले की पिशवीतून एक किलोचा दगड काढून आधी तो तराजूत ठेवायचे, मग साखर.

एकदा वाणी वैतागला. "लिंबाजीराव, हा दगड इथंच ठिवा की. आणायचा तरास वाचंल."

"तुझ्याकडं ठिवल्यावर त्यो किलोचा ऱ्हाईल का?"

परभणीच्या आमच्या कॉलेजात एकच संगणक होता आणि त्याची खोली लिंबाजीरावांच्या ताब्यात होती. विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी पेडगावचा, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. मशीनला हात लावायचीही भीती वाटायची. रोज दारातच ते विचारायचे, "दोन आन दोन?"

"चार, सर."

"या आत. आधी तसल्ली, मग भरोसा."

प्रोग्रामचंही तसंच. त्याचे ते तुकडे करायला लावायचे: एक तुकडा बेरीज करणार, दुसरा निकाल ठरवणार. मग प्रत्येक तुकड्यासाठी पाच-सहा ओळींचा वेगळा छोटा प्रोग्राम. त्यात ठरलेले आकडे द्यायचे आणि आलेलं उत्तर कागदावरच्या उत्तराशी ताडून पडद्यावर 'बरोबर' किंवा 'चूक' छापायचं. मी एकदा त्यात जरा चलाखी केली, तर म्हणाले, "चाचणी लय हुशार असली, की तिचीच चाचणी घ्यावी लागती. सरळ लिव्हा बाप्पा, वळीखाली वळ."

त्यांच्या सगळ्या चाचण्यांत विद्यार्थिनी एकच, गंगा. पहिल्या पेपरात चाळीस, दुसऱ्यात पन्नास, तिसऱ्याला गैरहजर. गैरहजराच्या जागी आम्ही ९९९ लिहायचो, कारण तेवढे गुण कुणालाच पडत नसत.

त्या वर्षी निकालाची यादी पहिल्यांदाच संगणकावर व्हायची होती आणि तो प्रोग्राम माझ्याकडे आला. ऊसतोडीला गेलेली बरीच मुलं पेपरला नव्हती. त्यांची नावं फेरपरीक्षेच्या यादीत आली नाहीत, तर त्यांचं वर्ष जाणार होतं. सोमवारी यादी लागणार होती, आणि शनिवारी मी घाम पुसत चाचणी चालवली.

गंगा पहिली आली. एक हजार एकोणनव्वद गुण.

लिंबाजीराव खुर्चीतून पडायचे राहिले. "अरे, पेढे आणा रे! गंगानं पेपर न देता कॉलेज मारलं!" शिपायालाही बोलावून दाखवलं. मीही हसलो आणि घाईघाईने एक ओळ घातली: ९९९ दिसले, तर शून्य धर. पुन्हा चालवलं.

'गंगा नापास. चूक.'

या वेळी ते हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शून्य पडलेला आन न आलेला, एकच का रे?"

मी खाली मान घालून निकालाचा तुकडा पहिल्यापासून लिहिला. बेरजेच्याही आधी गैरहजेरी तपासली. दुपार कलली तेव्हा पडद्यावर आलं: 'गंगा फेरपरीक्षा. बरोबर.'

त्यांनी ते तीनदा चालवलं. मग प्रिंटर करकरला.

"सर, ही गंगा कोण?" मी भीतभीत विचारलं.

"धाकटी बहीण. सातवीच्या परीक्षेला आई-बापासंगं तोडीवर व्हती. मास्तरनं शून्य मांडून नापास केलं. लय हुशार पोरगी, पुन्हा शाळेत गेलीच न्हाई." छापून आलेल्या कागदाची भोकांची कड ते सावकाश फाडत होते. "आता चुडाव्याला हाय, पोराबाळांत. उद्याच्या गाडीनं जायलोय तिच्याकडं."

कागदाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली. दारापर्यंत गेले आणि थबकले.

"हे दाखिवलं, तर तिला बरं वाटंल का रे?"

रोजच्यासारखं मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं.

"वाटेल, सर," मी म्हणालो.

"बास," ते म्हणाले आणि माझं उत्तर न तपासताच निघून गेले.