शेवंतीचं बीळ आणि एकोणचाळीस खोपे

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात एक शाळा होती. शाळा नव्हती तेव्हा तिथली पिल्लं बरीच शहाणी होती, पण तो आजचा विषय नाही.

शाळेच्या मोठ्या बाई होत्या टिटवीबाई. एके दिवशी त्या केकाटल्या, "सोमवारी विविधता दिन! प्रत्येकाने आपापल्या घराचा प्रकल्प करून आणायचा. आपली घरं किती निरनिराळी, ते तपासनीस गेंडासाहेबांना दिसलं पाहिजे!"

प्रकल्प मुलांना मिळाला, त्यामुळे पालक कामाला लागले. त्या जंगलाचा रिवाजच तसा. मुलाने प्रकल्प स्वतः केला की लोक म्हणायचे, बिचाऱ्याकडे घरी कुणी बघत नाही वाटतं.

पण पालकांना तरी वेळ कुठे होता? ओढ्यापलीकडच्या बाभळीवर सुगरणकाकू राहायच्या. सगळे तिकडेच धावले.

"काकू, आमच्या बंडूला एक घर विणून द्या ना," मगरीण म्हणाली.

"देते की. पण मला आपला खोपाच येतो हं."

"चालेल. नीटनेटका दिसल्याशी मतलब."

हत्तीण आली, तिने खोपा नेला. कासवाचं घर तर त्याच्या पाठीवरच होतं. त्याच्या आईनेही खोपा नेला.

राहिली साळिंदराची शेवंती. तिची आई म्हणाली, "तुझं घर तुला ठाऊक आहे ना? मग तूच कर."

शेवंतीने चार दिवस खपून चिकणमातीचं बीळ केलं. आत वळणाची वाट, गवताचं अंथरूण, कोपऱ्यात चघळायचं हाड. दारात दोन काटे रोवले, एक आईचा, एक स्वतःचा. "आई, तू बघायला ये हं," ती दहादा म्हणाली. बीळ खरंच सुरेख होतं. मी सांगतो ना!

सोमवारी वर्गात एकोणचाळीस खोपे लोंबत होते. वर फलक होता, 'आमची घरं निरनिराळी'. हत्तीच्या खोप्याला लाल फीत होती, मगरीच्या खोप्याला निळी. शेवंतीने बीळ पुढे केलं.

"हे काय?" टिटवीबाईंनी विचारलं.

"माझं घर. मी बिळात राहते, बाई."

"म्हणून काय झालं? सगळ्यांनी किती छान विविधता आणलीय. तूच एकटी वेगळं काय घेऊन आलीस?"

बाईंनी बीळ दाराशी, जमिनीवर ठेवलं. शेवंतीला रडू आलं. तिची आई शेजारी उभी राहिली. तिचे सगळे काटे ताठ झाले, पण शाळेत रागवायचं नसतं म्हणून तिने ते पुन्हा पाडले.

गेंडासाहेब केळं खात आले. खोप्यांकडे पाहून म्हणाले, "वा! किती तऱ्हेतऱ्हेच्या फिती!" मग त्यांनी सालीसाठी जागा शोधली. दाराशी भोक असलेलं काहीतरी दिसलं. त्यांनी साल आत कोंबली.

"अहो, ते माझं..." शेवंती म्हणाली.

"तू केलीस ही कचरापेटी? शाबास! सबंध शाळेत कामाची वस्तू एकच!"

आणि साहेबांनी शेवंतीला स्वच्छतेचं पहिलं बक्षीस दिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या टिटवीबाईंच्या. शेवंती घरी जाईपर्यंत बिळातली साल काढत होती.

वर्ष सरलं. पुन्हा विविधता दिन आला. या खेपेला सुगरणकाकूंनी तीन उंदीर कामाला ठेवले होते. एकोणचाळीस पालकांनी एकोणचाळीस बिळं नेली. साल टाकायला बिळाचं तोंड मोठं करून मागितलं होतं.

शेवंती मात्र गेल्या वर्षी चांगलीच शहाणी झाली होती. बाभळीखाली कुणाचातरी जुना खोपा पडला होता. तिने तो उचलला, त्याला लाल फीत बांधली आणि ऐटीत शाळेत आणला.

टिटवीबाईंनी खोप्याकडे पाहिलं, मग बिळांच्या रांगेकडे पाहिलं.

"शेवंती," त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी किती छान विविधता आणलीय. तूच एकटी वेगळं काय घेऊन आलीस?"

तात्पर्य : वेगळेपणाचा अभिमान जरूर बाळगावा. फक्त यंदा सगळ्यांचं वेगळेपण कोणतं ठरलंय, ते आदल्या दिवशी विचारून घ्यावं.