मार्तंडच्या डोक्यावर चालणारा टीव्ही

"रविवारी हात न लावता टीव्ही बंद करतो की नाही बघ! नुसत्या डोक्याने!" मार्तंडने बायकोला ठणकावलं.

"आपटून?" वसुधाने विचारलं.

मुलुंडच्या चाळीत अख्ख्या मजल्यावर टीव्ही एकट्या मार्तंडकडे. त्यामुळे रविवारचा सिनेमा लागला की सगळा मजला त्याच्या दोन खोल्यांत! फुकटे ते फुकटे, वर तक्रारी. चित्र हलतंय! पंखा इकडे फिरवा! स्वतःच्या घरात बनियनवर पाय पसरून बसायची एक संध्याकाळ हवी होती हो त्याला. पण शेजाऱ्यांना 'चालते व्हा' म्हणायची छाती कुणाची? सेटच बंद पडला, तर कुणाचं नाव घेणार?

मार्तंड इस्पितळात मेंदूचे आलेख काढायचा. डोळे मिटून मन शांत केलं की मेंदूत एक ठराविक लहर उठते, हे त्याला पाठ. त्याने डोक्याला पट्टा बांधला, तारा सदऱ्यातून, सतरंजीखालून सेटला जोडल्या. लहर उठली की खट्! टीव्ही बंद. पट्टा झाकायला माकडटोपी. ऐन मे महिन्यात!

रविवारी घर भरलं. मार्तंडने डोळे मिटले. शांत... शांत...

"रे मार्तंडा, ताप इलो काय तुका?" शेजारचा धाकू जवळजवळ मांडीवरच बसला.

"अहो वसुधाताई, यांना हुडहुडी भरलीय!" म्हणत समोरच्या रत्नप्रभाकाकूंनी कडू काढा आणून घशात ओतला. बातमी खालच्या मजल्यावर गेली. तिथले लोक बघायला म्हणून आले आणि सिनेमाला बसले! मार्तंडचं डोकं बंबासारखं तापलं. कसली लहर नि कसलं काय!

"आज चित्र झकास येतंय हां!" धाकूने मांडीवर थाप मारली. मार्तंडच्या!

सिनेमा मध्येच थांबून बातम्या लागल्या. मंडळी जेवायला पांगली. मार्तंडला क्रिकेटचा निकाल ऐकायचा होता. त्याने पाय पसरले, सुखाने डोळे मिटले. "आहाहा!"

खट्! टीव्ही बंद.

"च्यायला!" तो भडकला. लहर मोडली, टीव्ही चालू! जरा हुश्श केलं, पुन्हा बंद! चिडून पट्टाच उपटला, तर सेट ठार मेला. कुणी पट्टा ओढून काढला तरी डाव फसू नये, म्हणून तशी जोडणी या शहाण्यानेच केली होती! पट्टा परत चढवून त्याने साहेबाचा चेहरा आठवला, घरमालकाचा आठवला. पण रिकाम्या घरात राग टिकेल तर शपथ!

वसुधाने घड्याळ पाहिलं. उरलेला सिनेमा सुरू व्हायची वेळ झाली होती. ती तडक गॅलरीत गेली.

"काकू! धाकूभाऊ! ताटं घेऊनच या! लवकर येऊन ह्यांच्या उरावर बसा, नाहीतर पुढचा सिनेमा दिसायचा नाही!"