लखोटे हुंगणारे राऊत भाऊसाहेब

आमचे हेडक्लार्क राऊत भाऊसाहेब लखोटे हुंगायचे. टपाल आलं की आधी नाकाला, मग डोळ्यांना. "वास येतोय," म्हणाले की समजावं, कुणाची तरी चौकशी लागली.

शिपायाने चहा जरा गोड आणला, तर त्याला रजा हवी आहे का, असं विचारत. अर्नाळ्याला सुके बोंबील घ्यायचे तरी तिघी कोळणींकडे भाव काढत. त्यातली एक एकदा म्हणाली, "भाऊसाहेब, मासली घ्यायची तर घ्या, नायतर पुढं व्हा. मी टेंडर नाय काढलं."

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. वसईतल्या आमच्या कचेरीला नळयोजनेसाठी सल्लागार इंजिनिअर नेमायचा होता. नियम असा, की तिघांचे दर बंद लखोट्यांत घ्यायचे आणि ठरल्या दिवशी सर्वांसमोर फोडायचे. लखोट्यांच्या कपाटाची किल्ली भाऊसाहेबांच्या कमरेला असे. साहेबांकडे जाताना ते ती फक्त माझ्याकडे देत.

तिघांतला एक वटार गावचा माझा मावसभाऊ. त्याचा लखोटा यायचा होता. आज लिहून ठेवतो : एका दुपारी बाकीचे दोन लखोटे मी चहाच्या वाफेवर उघडले, दर त्याला कळवले आणि लखोटे कचेरीच्या खळीने परत चिकटवले. बाहेरचे लोक बाटलीतला डिंक लावत. आमची खळ कणकेची, मोरचूद घातलेली, आंबूस वासाची. ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

फोडायच्या दिवशी भाऊसाहेबांनी पहिला लखोटा नाकाशी नेला. थांबले. दुसरा नेला. माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाले, सर्दी झालीय, आज नाक चालत नाही.

काम मावसभावाला मिळालं. हरलेल्यांनी तक्रार केली. किल्ली कुणाकडे होती, असं चौकशीत विचारल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "माझ्याकडे. मी कुणाला देत नाही."

त्यांची जव्हारला बदली झाली. माझी नोकरी अजून कच्ची होती, घरी तान्ही मुलगी होती. हे त्यांना माहीत होतं.

एस.टी.च्या टपावर त्यांची ट्रंक चढवून मी खरं सांगायला तोंड उघडलं.

"बोलू नकोस," ते म्हणाले. "बोललास तर मला लिहून घ्यावं लागेल."

गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून हळूच म्हणाले, "महिन्याला एक कार्ड टाकत जा. मला कुणाचं येत नाही."

मी कार्ड घेऊन बसायचो. 'ती. भाऊसाहेबांस' एवढं लिहून व्हायचं. पुढे खरं लिहावं लागेल म्हणून फाडायचो. ते निवृत्त होईपर्यंत मी एकही टाकलं नाही.