झेन्टाचा घोटा आणि चक्का

सुजलेल्या पायाला औषध एकच, थंडगार चक्का! सेव्हेरिन हे गुत्त्यात मूठ आपटून सांगायचा. त्याच्या आजोबांनी चक्क्याच्या पट्ट्या बांधून म्हणे निम्म्या बव्हेरियाचे घोडे उभे केले होते. आता घरची झेन्टा तेवढी बरी व्हायची राहिली होती.

झेन्टा म्हणजे धिप्पाड घोडी. उन्हाळ्यात गाडीच्या दांडीवर आपटून तिच्या मागच्या पायाचा घोटा सुजला, तो उतरायचं नावच घेईना. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून, वाकवून पाहिला. हाड शाबूत आहे, दुखणं गेलंय, आता तिला रोज चालव, बांधून ठेवलीस तर सूज तिथेच राहील, असं बजावून त्या गेल्या. सुजल्या पायानं कुणी चालतं का, म्हणत सेव्हेरिनने घोडीला तबेल्यात डांबलं आणि चक्का थापत बसला.

संत लिओनार्डची मिरवणूक तोंडावर आली होती. घोड्यांचा कैवारी संत तो! त्याच्या मिरवणुकीत पाद्रीबाबांची गाडी ओढायचा मान सेव्हेरिनच्या घराण्याचा. पण सुजल्या पायाचं जनावर पंच वेशीवरूनच परत धाडत, आणि मग मान जाणार होता शेजारच्या कास्परला.

"माझे घोडे तयार आहेत," कास्पर म्हणाला. "तू बस चक्का खात."

आदल्या दिवशी सेव्हेरिनने निळ्या पातेल्यात चक्का, पांढरी माती आणि व्हिनेगर कालवून कोठीत ठेवलं. त्याची बायको वाल्बुर्गा हिनेही पाद्रीबाबांच्या केकसाठी चक्क्यात साखर, मनुका आणि रम कालवली, तीही निळ्याच पातेल्यात. कोठीत अंधार, सेव्हेरिनला घाई, वाल्बुर्गाला पडसं. पुढचं सांगायला नकोच.

तबेल्यात झेन्टाच्या सोबतीला रेझी नावाची शेळी असे. तिने नवी पट्टी हुंगली, एकदा चाटली आणि मग काही ती थांबेना. झेन्टाला गुदगुल्या झाल्या. तिने दाराची कडी उडवली आणि माळावर धूम ठोकली. पुढे घोडी, मागे शेळी, तिच्यामागे धापा टाकत सेव्हेरिन, अशी दिवस मावळेपर्यंत माळाला प्रदक्षिणा चालली. शेवटी पट्टी शेळीच्या पोटात गेली, आणि घोटा? अगदी दुसऱ्या पायासारखा सडसडीत! सेव्हेरिनने त्यावरून हात फिरवला, तेव्हा त्याला रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी पंचांनी पाय चाचपून टोप्या काढल्या. घंटा घणघणल्या, झेन्टा मान डोलवत पुढे निघाली, आणि कास्परने मुकाट्याने औषधाची कृती विचारली. सेव्हेरिनची छाती कोटात मावेना.

मिरवणुकीनंतर पाद्रीबाबांनी केकचा पहिला घास घेतला. बराच वेळ चावला.

"वाल्बुर्गाबाई," ते हळूच म्हणाले, "यात माती आहे का?"

सेव्हेरिनचा चेहरा पडला. मग घोडीच्या पायाला काय बांधलं गेलं होतं, ते त्याने सगळ्यांदेखत कबूल केलं. शेळीचंही सांगितलं.

"म्हणजे चालवलंस तर तिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी नाही हो. शेळीनं."

पाद्रीबाबांनी चूळ भरली आणि बाहेर जाऊन रेझीवर भरपूर तीर्थ शिंपडलं.

सेव्हेरिन अजूनही गुत्त्यात मूठ आपटून सांगतो, औषध एकच, चक्का. फक्त हल्ली आवाज उतरवून पुढे म्हणतो, "रम मात्र विसरायची नाही."