गटिंगवाले वर्तक

वर्तक गिऱ्हाइकाला आधी रॅकेट दाखवत नाहीत, आधी गिऱ्हाइकाचा हात बघतात. तळहात उजेडाकडे धरतात आणि बोटांच्या मुळाशी घट्टे कुठे पडलेत ते अंगठ्याने दाबून पाहतात. आपण काही सांगायला तोंड उघडलं की म्हणतात, "तुम्ही थांबा. हात बोलतोय."

कर्वेनगरात एका सोसायटीच्या खाली त्यांचं एका शटरचं दुकान आहे. तिथे ते टेनिसच्या रॅकेटी विकतात आणि जुन्या रॅकेटींना नव्या तारा ओढून देतात. या कामाला खेळणारे गटिंग म्हणतात. विकतात, ही आपली म्हणायची पद्धत. त्या गुरुवारी माझ्यासमोरच त्यांनी एका आयटीतल्या मुलाला परत पाठवलं.

"सर, तो टीव्हीवर वापरतो ना, सेम तीच हवीय," मुलगा म्हणाला.

"तो रोज सहा तास खेळतो. तुम्ही?"

"मोस्टली वीकेंडला."

"मग रॅकेट त्याची नेताय, तर दंडही त्याचाच आणा."

मुलगा हसला. वर्तक हसले नाहीत. तो गेल्यावर मला म्हणाले, "हौसेला हँडल नसतं, मॅडम." मला फार मजा वाटली. पुढचा नंबर माझा होता, हे मी विसरले होते.

खरं तर मला हसण्यासारखं काही नव्हतं. दोन महिने माझं उजवं कोपर ठणकत होतं, आणि रविवारी आमच्या कोर्टावर मॅच होती. मी शाळेत गणित शिकवते. फळ्याच्या वरच्या भागात लिहिणं मी कधीच सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी आदल्या दिवशी निकालच लावला. "रविवारची मॅच खेळायचीच असेल तर खेळा. पण त्यात दुखलं, तर टेनिस बंद. कायमचं." मी एक्कावन्न वर्षांची. खेळायला लागले तीच मुळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. सकाळी सहा ते सात या एका तासात मला कोणी आई म्हणत नाही, वहिनी म्हणत नाही, डबा कुठे आहे म्हणून विचारत नाही. कोणी नोकरी सोड म्हटलं असतं तर मी विचार तरी केला असता. हा तास मात्र मी कोणालाही द्यायला तयार नव्हते.

वर्तकांनी माझा हात पाहिला, भुवया चढवल्या, मग कोपराचं, डॉक्टरांचं आणि रविवारच्या मॅचचं ऐकून घेतलं आणि रॅकेट मागितली. मी ती कव्हरातून जरा ऐटीतच काढली. "भावाने अमेरिकेहून आणलीय."

ते मुठीकडे बघत राहिले. "हे काय आहे?"

"ग्रिप."

"ग्रिपवर काय आहे?"

"प्लॅस्टिक. नवीन आली तेव्हाचंच. खराब होऊ नये म्हणून ठेवलंय."

आमच्याकडे टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकमध्ये असतो, सोफ्यावर चादर असते आणि चादर मळू नये म्हणून तिच्यावर आणखी एक चादर असते. आम्ही वस्तू वापरत नाही, सांभाळतो. मला त्यात चूक काही वाटलं नव्हतं.

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

वर्तक स्टुलावर बसले. "अहो, तीन वर्षं तुम्ही प्लॅस्टिक धरून खेळताय! घामाने ते सटकतं, म्हणून तुम्ही मूठ आवळता. मूठ आवळली की सगळा धक्का कोपरात. डॉक्टरांनी कोपर बघितलं, मूठ बघितली का?" आणि त्यांनी ब्लेड उचललं.

"हात लावायचं काम नाही!" मी वर्गात ओरडते तशी ओरडले.

"कापू की नको, तेवढं सांगा. रविवार तुमचा आहे, माझा नाही."

मला त्यांचा मनस्वी राग आला. माझ्या भावाची वस्तू, माझा हात, आणि निकाल देणारा हा कोण? पण रविवार खरंच माझा होता. "कापा," मी म्हटलं. प्लॅस्टिक चर्रकन फाटलं.

एवढ्यावर सुटले असते तर ते वर्तक कसले! "आता बाहेर चला. मारून दाखवा."

बाहेर म्हणजे रस्त्यावर, दोन स्कूटरींच्या मध्ये. चेंडू नाही, समोर कोणी नाही, फक्त कोपऱ्यावरची भाजीवाली मेथी निवडायचं थांबवून बघत होती. शाळेतलं कोणी जात असलं तर काय, या विचाराने माझे कान तापले. मी जोरात रॅकेट फिरवली.

"हे टीव्हीवरचं. तुमचं दाखवा."

दहाव्या वेळी मी इतकी चिडले होते की कसं फिरवतेय हे बघायचं विसरून गेले. तेव्हा ते म्हणाले, "हं. तुम्ही मारत नाही, ठेवता. हात छोटा फिरतो, चेंडू नेमका पडतो. चांगला खेळ आहे. पण ही रॅकेट लांब हात फिरवून सणसणीत मारणाऱ्याची. जड, तोंड लहान, तारा दगडासारख्या ताठ. ही तुमची रॅकेट नव्हे, भावाचं प्रेम आहे. कपाटात ठेवा."

"भावाबद्दल बोलू नका."

"बरं. रॅकेटबद्दल बोलतो." त्यांनी आतून एक हलकी रॅकेट आणली. तोंड मोठं, मूठ बारीक, तारा मऊ आणि जरा सैल ओढलेल्या. "विकत देत नाही. आधी खेळा. दुखलं तर परत आणा."

रविवारी समोर कुलकर्णी होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि चेंडूशी जुनं भांडण असल्यासारखी मारणारी. पहिले दोन गेम मी चेंडूची वाट बघतच नव्हते, कळ कधी येते याची वाट बघत होते. प्रत्येक फटक्याला श्वास रोखायचे. तेवढ्यात जाळीच्या कुंपणापलीकडे वर्तक दिसले, परीक्षेवरच्या सुपरवायझरसारखे हात मागे बांधून उभे. म्हटलं, झालं, आता हे बघणार. सुपरवायझर बघत असला की मुलं चुकतात, हे मला पंचवीस वर्षांच्या नोकरीतून ठाऊक आहे.

चार-एक अशी मागे पडल्यावर मी चेंडू ठेवायला लागले. एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या. चार-तीन. पाच-पाच. हात भरून आला होता, तळव्याला घाम होता, तरी मूठ सैल होती. शेवटी सात-पाच हरले. नेटपाशी जाऊन हात मिळवला आणि भीतभीत कोपर वाकवलं, सरळ केलं. पुन्हा वाकवलं. काही नाही. मी तिथेच उभी राहून रडले.

"अगं, एक सेट तर होता," कुलकर्णी समजूत घालायला लागली.

वर्तक आत आले. "दुखत नाही," मी म्हटलं.

"वाटलंच. न्या ती."

काम झालं होतं, तरी ते जाईनात. सगळे आवरून निघाले, कोर्ट रिकामं झालं. तेव्हा माझं त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीकडे लक्ष गेलं. रॅकेटची मूठ बाहेर डोकावत होती.

"तुम्ही खेळता?"

"खेळायचो. सोमणांबरोबर. एकतीस वर्षं, रोज."

"मग आता?"

"सोमण गेले. चार वर्षं झाली." रॅकेट बाहेर काढून ते बोटांनी तारा सरळ करत राहिले. "गटिंग मात्र वेळच्या वेळी करतो. खेळलं नाही तरी तारा सैल पडतात."

एवढ्या लोकांना हा माणूस त्यांचा खेळ सांगतो. त्याचा खेळ काय, हे चार वर्षांत कोणी विचारलं नसावं. मीही तीन दिवस फक्त स्वतःचं कोपर घेऊन बसले होते. मला लाज वाटली.

"मॅडम," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दमला नसाल तर दहा मिनिटं समोर उभ्या राहाल का? मी हळूच मारेन."

माझ्या मांड्या थरथरत होत्या आणि घरी पाहुणे जेवायला यायचे होते. मी नेटच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.

वर्तकांनी चेंडू दोनदा जमिनीवर आपटला आणि सर्व्हिस केली. चेंडू नेटमध्ये गेला. दुसराही नेटमध्येच. तिसरा घ्यायला ते वाकले ते जरा वेळ तसेच राहिले.

"माफ करा हं. सवय गेलीय."

"टाका हो," मी म्हटलं. "मला घाई नाही."