बाबलभाऊंच्या बारा बिया

आमचे शेजारी बाबलभाऊ रोज सकाळी अंगणाच्या मधोमध उघड्या अंगाने, डोक्यावर छत्री धरून उभे असतात. डॉक्टरांनी ऊन घ्यायला सांगितलंय. पण डोकं तापलं की भीती वाढते, असं भाऊंचं मत. त्यामुळे ऊन मिळतं ते फक्त पोटऱ्यांना.

हा माणूस जन्मभर गोव्यात चोपड्याला फेरीबोट चालवत होता. पावसाळ्यात नदी काठ सोडून आली तरी तोंडातली विडी ढळायची नाही. आता दिवेलागण झाली की कुंपणाशी येऊन म्हणतो, "वैनी, माका भंय दिसता."

कशाची भीती म्हणून विचारावं, तर "तेंच कळना मगो!"

रक्त तपासलं. जीवनसत्त्व कमी पडलं तरी कधीकधी असं घाबरल्यासारखं होतं, असं डॉक्टर म्हणाले आणि सोपं करून सांगितलं, "तुमका बी-बारा कमी आसा." भाऊंनी घरी येऊन काजूचा डबा काढला आणि रोज बारा बिया मोजून खायला लागले. महिन्याभराने मला विचारतात, "बारा खातां, तरी भंय वचना. चोवीस करूं?" मी कपाळावर हात मारला.

मग खरी इंजेक्शनं झाली. पुढच्या तपासणीत बी-बारा भरपूर, आणि भंय होतं तिथेच. डॉक्टर गोंधळले, मी तर त्याहून. बी नव्हतं म्हणून भीती, की भीतीने जेवण तुटलं म्हणून बी गेलं? गेल्या वर्षी भाऊंच्या पत्नी जानकीवैनी वारल्या, तेव्हापासून भाऊ चहा आणि उंड्यावरच आहेत. पावाने पोट भरतं, एवढंच.

काल दिवेलागणीला मी त्यांना दटावूनच आत घेतलं, बांगड्याचं कालवण, आमचं हुमण, आणि भात वाढला. जेवताना भीतीचं नाव नाही. वर विचारतात, "ह्या हुमणांत खंयची बी घालतां गो?"

मी हसत होते, तेवढ्यात त्यांच्या ताटाकडे लक्ष गेलं. बांगड्याचं डोकं त्यांनी कडेला नीट सारून ठेवलं होतं.

"खात नाही तुम्ही?"

"तकली तिका जाय," भाऊ सहज म्हणाले. माशाचं डोकं जानकीवैनींना लागायचं. मग समोरच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं आणि त्यांचा हात ताटातच थांबला.

मी त्यांना आणखी भात वाढला. "उद्याही या," एवढंच म्हटलं.

आज ते कुंपणाशी थांबले नाहीत. सरळ दारात आले, मूठभर काजू घेऊन.

"बारा म्हज्यो," म्हणाले, "आनी बारा तुज्यो."